घरच्या घरी क्लाउड : अनुकारकाची ओळख

कोल्हापूर, सातारा व पुणे यांच्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा आहे. हाच मार्ग पुढे ठाणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर व जयपूर ही शहरे मागे टाकीत थेट दिल्लीला जातो. दिल्लीला पोहोचण्यापूर्वी, हरियाणा राज्याच्या गुरुग्राम जिल्ह्यात, अरवलीच्या झिजलेल्या टेकड्यांच्या परिसरात मानेसर नावाचे गाव लागते. एके काळी शेतीवर जगणाऱ्या या गावाभोवती आज मोटारी, मोटारसायकली व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने उभे आहेत. या कारखान्यांच्या शेजारीच ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी’ ही वाहनांची परीक्षा घेणारी संस्था २००६ सालापासून काम करीत आहे. पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था जे काम १९६६ पासून करीत आली, त्याच जातीचे काम मानेसरला चालते.

या पुस्तिकेचा विषय मोटारी हा नसून संगणक हा आहे. तथापि मानेसरच्या परीक्षागृहातील एक युक्ती नीट समजली, तर संगणकशास्त्रातील एक नवी आणि उपयुक्त युक्ती समजण्यास फारसा वेळ लागणार नाही. म्हणून प्रथम तिकडेच वळू.

उभ्या गाडीचा प्रवास

मोटारीच्या धुराची परीक्षा करावयाची असते, तेव्हा ती एका बंद दालनात आणून तिची इंजिनाने फिरणारी चाके जमिनीत बसविलेल्या मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी पट्ट्यांनी वा साखळ्यांनी जखडून टाकतात आणि इंजिन सुरू करतात. चाके फिरू लागतात, त्यांच्याबरोबर रोलर फिरतात, वेगाचा काटा चढत जातो. परंतु गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. चालक समोरच्या पडद्यावरील रेषेबरहुकूम वेग वाढवितो, कमी करतो, मध्येच थांबतो. भारतातील मोटारींसाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या चालनक्रमात हा प्रवास १,१८० सेकंद चालतो आणि त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. तेवढ्या अवधीत बाहेर पडलेल्या धुराचे मापन होते. या उपकरणास चासिस डायनमोमीटर म्हणतात.

येथे इंजिन खरे आहे, इंधन खरे आहे, धूरही खरा आहे. खोटा आहे तो केवळ रस्ता. मात्र हा खोटा रस्ता मनमानेल तसा बनविलेला नसतो. खऱ्या सपाट रस्त्यावर गाडीला वेग देऊन ती तशीच सोडून देतात, हवेच्या व रस्त्याच्या विरोधामुळे तिचा वेग कसा मंदावतो ते मोजतात, आणि तेवढाच विरोध रोलरकडून होईल अशी व्यवस्था करतात. अर्थात खऱ्याचे मोजमाप आधी घेतले म्हणूनच खोट्यावर विश्वास ठेवता येतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा पुनःपुन्हा उपयोग होणार आहे.

ग्रंथालयाच्या वहीची तीन अंगे

आता एक प्रसंग कल्पनेने उभा करू. सातारा जिल्ह्यातील एका गावचा तरुण मानेसरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. गावात ‘ड’ वर्गातील एक लहानसे सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथील देवघेवीची वही जीर्ण झाली आहे. कोणते पुस्तक कोणाकडे गेले हे शोधण्यात ग्रंथपालांचा निम्मा वेळ जातो. सुट्टीत घरी आलेल्या या तरुणास ग्रंथपाल म्हणतात, “बाळ, एवढे संगणकाचे शिकलास, तर आमच्या वहीचे काहीतरी कर.” तरुण होकार देतो, आणि मानेसरच्या आपल्या खोलीत रात्री बसून ते काम हाती घेतो.

त्याने लिहिलेल्या आज्ञावलीची तीन अंगे आहेत. पहिले अंग ब्राउझरच्या पडद्यावर दिसते : सभासदाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची तारीख. दुसरे अंग सर्व्हरवर चालते. पडद्यावरून आलेली विनंती तपासून काय करावयाचे ते ते ठरविते. तिसरे अंग म्हणजे डेटाबेस, म्हणजे नोंदी सुव्यवस्थित जपणारे भांडार. १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने असा विचार मांडला की, माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या साध्या तक्त्यांत ठेवावी आणि ती यंत्रात कोठे व कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्यास करावी लागू नये. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच विचारावर उभे आहेत. आपल्या तरुणाने निवडलेला पोस्टग्रेस हा डेटाबेस त्याच कुळातला. त्याचा उगम १९८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पात झाला.

डेटाबेसचा मोठा गुण असा की, एका व्यवहारातील सर्व नोंदी एक तर पूर्ण होतात, नाही तर मुळीच होत नाहीत. पुस्तक देताना सभासदाच्या खात्यावर नोंद चढली पाहिजे आणि कपाटातील प्रतींची संख्या एकाने उतरली पाहिजे. मध्येच वीज गेली आणि एकच नोंद झाली, तर वही खोटी ठरेल. चांगला डेटाबेस अशी अर्धवट नोंद ठेवीत नाही. पुन्हा सुरू होताच तो पूर्वस्थितीवर येतो.

भाड्याची यंत्रे

ही व्यवस्था कोठे चालवावयाची? ग्रंथालयातच एक संगणक अहोरात्र चालू ठेवणे कठीण. म्हणून आज बहुतेकजण क्लाउडकडे वळतात. क्लाउड म्हणजे ढग. दूरच्या जाळ्याचा तपशील दाखवावयाचा नसला की अभियंते आकृतीत त्या जागी ढग काढीत, त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात तेथे ढग नसून मोठमोठ्या इमारतींत रांगेने मांडलेले संगणक आहेत आणि ते भाड्याने मिळतात. अमेझॉन कंपनीने २००६ साली फाइली ठेवण्याची जागा व संगणक अशा रीतीने भाड्याने देण्यास आरंभ केला. २००९ साली तयार डेटाबेसही त्यात आला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात आपली केंद्रे उघडली, त्यांपैकी एक पुण्यास आहे. अमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ चे, तर गूगलने मुंबईनंतर २०२१ साली दिल्ली परिसरातही केंद्र सुरू केले.

या व्यवहारात कोणत्याही कचेरीत जावे लागत नाही. ठरावीक नमुन्यातील मागणी जाळ्यावरून पाठवावयाची : अमुक आकाराचा डेटाबेस द्यावा, अमुक जागी फाइली ठेवाव्यात, अमक्यालाच प्रवेश द्यावा. जणू एक खिडकी आहे. तिच्यात अर्ज सरकविला की पलीकडून यंत्र मिळते. सोय मोठी, पण तीन अडचणी आहेत. खाते उघडताना बहुधा बँकेचे कार्ड द्यावे लागते आणि चालू ठेवलेल्या यंत्राचे भाडे कोणी ते वापरो वा न वापरो चढत राहते. दुसरे, शिकाऊ माणसाच्या हातून एखादे दार उघडे राहिले, तर गावातील शेकडो माणसांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक जगापुढे पडतील. तिसरे, इंटरनेट नसेल तर कामच थांबते. चूक केल्याशिवाय शिकता येत नाही आणि येथे तर चुकीला दंड आहे. मग शिकावे कसे?

मानेसरच्या परीक्षागृहात याचे उत्तर आपण पाहिलेच आहे. इंजिन खरे ठेवावे, रस्ता खोटा करावा.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग घेणे

जे यंत्र वा जी आज्ञावली दुसऱ्या यंत्राची जागा घेते आणि व्यवहार करणाऱ्यास मूळ यंत्राप्रमाणेच उत्तरे देते, तिला इंग्रजीत एम्युलेटर म्हणतात. तिच्यासाठी या पुस्तिकेत आम्ही ‘अनुकारक’ हा शब्द योजला आहे. नकाशा प्रदेशासारखा असतो, पण नकाशावरून चालता येत नाही. अनुकारकाशी मात्र प्रत्यक्ष व्यवहार करता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. एक यंत्र योग्य सूचना मिळाल्यास दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले. व्यवहारात तिचे महत्त्व १९६४ साली दिसले. आयबीएम कंपनीने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही नवी संगणकमाला जाहीर केली. परंतु ग्राहकांच्या जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर चालणार नसतील तर ती घेणार कोण? म्हणून कंपनीने नव्या यंत्रांत जुन्या यंत्रांचे अनुकारक बसविले.

यानंतरचा एक प्रसंग फार बोधप्रद आहे. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर’ नावाचा लहान संगणक बाजारात आला. बिल गेट्स व पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्यासाठी बेसिक ही संगणकभाषा तयार करण्याचे मान्य केले. पण त्यांच्याजवळ तो संगणकच नव्हता. ॲलन यांनी त्यातील प्रक्रियकाचे माहितीपुस्तक समोर ठेवून हार्वर्ड विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर त्याचा अनुकारक लिहिला आणि सर्व काम त्याच्यावर तपासले. मग ते विमानाने आल्बुकर्क येथे खऱ्या यंत्रापुढे जाण्यास निघाले. वाटेत त्यांच्या ध्यानात आले की, कागदी फितीवरील आज्ञावली यंत्राच्या स्मृतीत उतरवून घेणारी छोटी प्रारंभिक आज्ञावली आपण लिहिलेलीच नाही! अनुकारकावर तिची गरजच पडली नव्हती. त्यांनी ती विमानातच लिहिली. दुसऱ्या दिवशी खऱ्या यंत्राने दोन अधिक दोन यांचे उत्तर चार असे दिले.

अनुकारकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच प्रसंगात दिसून येतात. न पाहिलेल्या यंत्रासाठी केलेले काम पहिल्याच खेपेस चालले, हे त्याचे सामर्थ्य. जे त्याने कधी मागितलेच नाही ते लिहिण्याची आठवणही राहिली नाही, ही त्याची मर्यादा.

घरातला क्लाउड

क्लाउडचा अनुकारक म्हणजे आपल्याच संगणकावर उघडलेली त्या खिडकीची प्रतिकृती होय. अमेझॉनने आपल्या एका डेटाबेसची घरी चालणारी आवृत्ती २०१३ साली दिली. मायक्रोसॉफ्टचा ‘ॲझुराइट’ हा फाइलसाठ्याचा अनुकारक आहे. गूगलनेही आपल्या काही सेवांचे अनुकारक दिले आहेत. अमेझॉनच्या अनेक सेवांची नक्कल एकत्र करणारा ‘लोकलस्टॅक’ हा प्रकल्प अटलासियन कंपनीत जन्मास आला आणि २०१७ च्या सुमारास सर्वांपुढे येऊन पुढे स्वतंत्र झाला. यांपैकी काही विनामूल्य मिळतात, काहींना नोंदणी वा वर्गणी लागते. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून वापरण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

लोकलस्टॅकचे उदाहरण घेऊ. तो सुरू केला की संगणकाच्या ४५६६ क्रमांकाच्या द्वारावर कान देऊन बसतो. मुंबईच्या केंद्राकडे जाणारी मागणी आता १२७.०.०.१ या पत्त्यावर जाते. प्रत्येक संगणक या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा घेतो. अर्जाचा नमुना तोच, उत्तराचा नमुना तोच. केवळ पत्ता बदलला. ओळख पटविण्यासाठी कोणताही खोटा परवलीचा शब्द चालतो, आणि खातेक्रमांक असतो बारा शून्ये. त्या बारा शून्यांच्या खात्यावर कोणाचेही भाडे चढत नाही.

डेटाबेस मात्र अशा मांडणीत बहुधा खराच ठेवतात. खिडकीची नक्कल होते. परंतु अर्ज मंजूर होताच तिच्यामागे खरा पोस्टग्रेस सुरू होतो, किंवा तो अनुकारकाच्या शेजारी वेगळा सुरू करून देतात. म्हणून वर सांगितलेला अर्धवट नोंदीचा प्रश्न येथे प्रामाणिकपणे तपासता येतो. आपला तरुण पुस्तक देण्याचा व्यवहार सुरू करून मध्येच डेटाबेस जबरदस्तीने बंद पाडतो, पुन्हा सुरू करतो आणि प्रतींची संख्या मोजतो. ती जुळली, तर ती खऱ्या इंजिनाने दिलेली साक्ष असते.

मांडणीचा प्रयोग

कामाचा क्रम असा असतो. प्रथम अनुकारक सुरू करावयाचा. तो, डेटाबेस आणि आज्ञावली हे सर्व कंटेनरमध्ये ठेवतात. २०१३ साली पुढे आलेल्या डॉकर या साधनामुळे ही पद्धत रूढ झाली. गोदीतील लोखंडी पेटी जहाजावरून मालमोटारीवर जशीच्या तशी चढते, त्याचप्रमाणे आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एका पेटीत बांधले की ती पेटी कोणत्याही संगणकावर तशीच चालते.

नंतर आपल्याला काय काय हवे याची यादी एका फाइलीत लिहितात : एक डेटाबेस, मुखपृष्ठांच्या चित्रांसाठी फाइलसाठा, परवलीचे शब्द ठेवण्याची बंदिस्त जागा. हाताने एकेक बटण दाबण्यापेक्षा अशी लेखी यादी श्रेयस्कर, कारण तीच पुढे खऱ्या क्लाउडला देता येते. यादी खिडकीत दिली की मागितलेल्या वस्तू उभ्या राहतात. मग डेटाबेसमध्ये सभासद, पुस्तके व देवघेव असे तक्ते आखावयाचे, त्यांत काल्पनिक नावे भरावयाची, आणि शेवटी आज्ञावलीची पेटी सुरू करून ब्राउझर उघडावयाचा.

पहिल्या खेपेस हे क्वचितच चालते. सर्वसाधारणपणे तीन ठेचा लागतात. पहिली पत्त्याची. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’ हे खरे. परंतु पेटीत बसलेल्या आज्ञावलीच्या दृष्टीने ‘मी’ म्हणजे ती पेटी, सबंध संगणक नव्हे. ती डेटाबेस स्वतःच्याच पेटीत शोधते आणि तेथे तो नसतो. पेट्यांनी एकमेकींना नावाने हाक मारावी अशी व्यवस्था केली की हा प्रश्न सुटतो. दुसरी ठेच घाईची. आज्ञावली दोन सेकंदांत तयार होते, डेटाबेसला मात्र अधिक वेळ लागतो. दार अजून उघडले नाही तोच पाहुणा ठोठावून परत जातो. म्हणून आज्ञावलीला थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्यास शिकवावे लागते. हा धडा खऱ्या क्लाउडवरही उपयोगी पडतो, कारण तेथेही डेटाबेस मधूनमधून क्षणभर दिसेनासा होतो.

तिसरी ठेच विस्मरणाची. अनुकारक बंद केला की त्याच्यातील वस्तू, त्या मुद्दाम जपून ठेवल्या नसतील तर, नाहीशा होतात. नवशिक्यास याचा राग येतो. परंतु हा मोठा लाभ आहे. रोज सर्व पुसले जाते आणि रोज लेखी यादीवरून नव्याने उभे करावे लागते, त्यामुळे यादीत राहिलेली उणीव लपून राहत नाही. ज्याची मांडणी दहा वेळा कोऱ्या पाटीवरून उभी राहिली, त्यास खरे यंत्र कोसळल्यावर अकराव्या वेळी ती कशी उभी करावी हे ठाऊक असते.

रचनाबदलाची परीक्षाही येथेच घ्यावी. समजा, ‘पत्ता’ या एका रकान्याचे ‘गाव’ आणि ‘वाडी’ असे दोन भाग करावयाचे आहेत. नवे रकाने भरण्यापूर्वीच जुना रकाना काढून टाकला, तर सर्व सभासदांचे पत्ते एका क्षणात जातील. अनुकारकावर ही चूक झाली तर काल्पनिक नावे जातात. दोन मिनिटांत ती पुन्हा भरता येतात. हीच चूक गावाच्या खऱ्या वहीवर झाली, तर ग्रंथपालांना दारोदार हिंडावे लागेल.

अनुकारक काय सांगत नाही

येथवर वाचून कोणास वाटेल की घरी चालले म्हणजे सर्वत्र चालेल. तसे नाही. रोलरवर पाऊस पडत नाही, खड्डा येत नाही, घाट लागत नाही. त्याचप्रमाणे घरच्या क्लाउडवर काही गोष्टी दिसतच नाहीत.

पहिली गोष्ट अंतर. घरी सर्व मागण्या एकाच यंत्रात फिरतात. मानेसर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर येण्यास, वाटेत कोठेही न थांबता, निदान ११ सहस्रांश सेकंद लागणारच. कोणत्याही अभियंत्यास हा वेळ कमी करता येणार नाही. आता समजा, आज्ञावली मानेसरच्या खोलीत आहे आणि डेटाबेस मुंबईस नेला. दोनशे सभासदांची यादी दाखविताना ती प्रत्येक सभासदासाठी वेगळा प्रश्न विचारते. दोनशे फेऱ्यांचे दोन सेकंदांहून अधिक झाले. घरी हीच यादी पापणी लवते न लवते तोच दिसत होती. एकाच प्रश्नात दोनशे नावे मागविली असती, तर एक फेरी पुरली असती. तसेच, आज्ञावली व डेटाबेस एकाच केंद्रात शेजारी ठेवणे का इष्ट, हेही यावरून उमगते.

दुसरी गोष्ट परवानगी. अनुकारक, विशेष व्यवस्था केली नसेल तर, कोणाचाही अर्ज मंजूर करतो. खरा क्लाउड स्पष्ट परवानगी नसेल तर नाकारतो. पहिल्या दिवशी ‘प्रवेश नाही’ असे उत्तर येते, आणि कंटाळलेला माणूस सर्व दारे सर्वांना उघडी करून टाकतो. हाच धोक्याचा क्षण होय. घरी बाहेरचे कोणी येऊच शकत नव्हते, म्हणून उघडे दार दिसले नव्हते. तेथे ते सबंध जगाला दिसेल. तिसरी गोष्ट खर्च, चौथी गर्दी. बारा शून्यांचे खाते बिल पाठवीत नाही आणि एका माणसाच्या संगणकावर सकाळी शंभर वाचक एकाच वेळी येत नाहीत.

अनुकारक बनविणाऱ्यांना हे ठाऊक आहे. रस्त्यावर मोजमाप घेऊन रोलर जुळवितात त्याप्रमाणे तेही एकच मागणी खऱ्या क्लाउडला आणि आपल्या खिडकीला देऊन दोन्ही उत्तरे ताडून पाहतात. तरीही मूळ क्लाउड नित्य बदलत असतो आणि नक्कल थोडी मागे राहते.

सावधगिरीची एक कथा

आता पुन्हा रोलरकडे जाऊ. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर गंभीर आरोप जाहीर केला. तिच्या डिझेल मोटारींतील सॉफ्टवेअर सुकाणूची स्थिती, वेग, चालण्याचा अवधी इत्यादींवरून आपण परीक्षागृहात आहोत हे ओळखीत असे. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ राही. रस्त्यावर येताच नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले. हा प्रकार उघडकीस येण्याचे एक कारण असे की, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मापनयंत्रे गाडीतच ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालविली होती.

यातील फसवणूक हेतुपुरस्सर होती. परंतु हेच पाप आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून नकळत घडते. ‘घरी असलास तर परवलीचा शब्द तपासू नकोस, क्लाउडवर असलास तर तपास’ असे एक वाक्य सोयीसाठी घातले जाते. मग घरी तपासली जाते ती एक आज्ञावली आणि गावात चालते ती दुसरीच. म्हणून नियम असा करावा की, आज्ञावलीस आपण कोठे आहोत हे कळता कामा नये. पत्ता, परवलीचा शब्द अशा बदलणाऱ्या गोष्टी बाहेरून द्याव्यात. आतील वर्तन दोन्हीकडे एकच असावे.

खऱ्या रस्त्यावर

भारतात १ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज सहाच्या दुसऱ्या टप्प्यात गाड्यांची परीक्षा रोलरबरोबरच खऱ्या रस्त्यावरही घेतली जाऊ लागली. रोलर काढून टाकले नाहीत. त्यांच्या जोडीला रस्ता आला. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम योग्य. शंभर चुका घरच्या अनुकारकावर कराव्यात. मग खऱ्या क्लाउडवर, खर्चाची मर्यादा आखून घेऊन, तीच लेखी यादी द्यावी आणि काल्पनिक नावांनिशी काही दिवस चालवून पाहावे. तेथे अंतर, परवानगी व खर्च यांची परीक्षा होते. ते काम झाल्यावर खर्चिक वस्तू काढून टाकाव्यात. या दोन्ही परीक्षा पार पडल्यावरच गावातील माणसांची खरी नावे आत येऊ द्यावीत. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरीही हाच क्रम पाळावा लागला असता, कारण ती नावे आपल्या शेजाऱ्यांची आहेत.

शाळांतील विद्यार्थ्यांस या मार्गाचा विशेष लाभ आहे. बऱ्यापैकी स्मृती असलेला एक संगणक आणि साहित्य उतरवून घेण्यापुरते इंटरनेट एवढे असले की पुढील बराचसा अभ्यास बँकेच्या कार्डावाचून, आणि पुष्कळदा इंटरनेटवाचूनही, होऊ शकतो. तालुक्याच्या गावातील मुलास जे मुंबईपुण्याच्या मुलाच्या हाती सहज येते, ते बारा शून्यांच्या खात्यावर तितक्याच सहजतेने मिळते. विद्यार्थ्यांनी आरंभ लहान करावा : एक तक्ता, दहा काल्पनिक पुस्तके, एक पान. ते उभे राहिले की सर्व पुसून पुन्हा उभे करावे. मग व्यवहाराच्या मध्येच डेटाबेस बंद पाडावा आणि नोंदी मोजाव्यात.

आपला काल्पनिक तरुण दिवाळीच्या सुट्टीत गावी जाईल, तेव्हा ग्रंथपाल त्याला एकच प्रश्न विचारतील : “यात आमची नोंद हरवणार तर नाही ना?” कोऱ्या पाटीवरून दहा वेळा उभे केलेले, मध्येच बंद पाडून तपासलेले आणि खऱ्या क्लाउडवर चालवून पाहिलेले काम हातात असेल, तर त्याला उत्तर देताना अडखळावे लागणार नाही. तरीही पहिले तीन महिने जुनी कागदी वही शेजारी चालू ठेवावी, आणि दर शनिवारी दोन्हींचा मेळ घालून पाहावा, असे त्याने ग्रंथपालांस आपणहून सांगावे हे उत्तम.